डेव्हनच्या शेतकरी घराण्याचा माग : फाइंडमायपास्ट, फॅमिलीसर्च आणि टाइद नकाशे, वर्षभराच्या वापरानंतर

माझं सासर इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हन काउंटीच्या (जिल्ह्याच्या) उत्तर-पश्चिम भागातलं. होल्सवर्दी आणि ग्रेट टॉरिंग्टन यांच्या मधला तो चिकणमातीचा, पाणी धरून ठेवणारा पट्टा. पिढ्यान्‌पिढ्या गाई, मेंढ्या आणि थोडे ओट्स. सासऱ्यांना त्यांच्या आजोबांपर्यंतची माणसं तोंडपाठ आहेत, पण त्यामागचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गेलं जवळपास वर्षभर मी हे काम करतेय आणि 1690च्या दशकापर्यंत पुराव्यानिशी पोचले आहे. इथे लग्न करून आलेल्या, किंवा इथल्या मुलांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवू पाहणाऱ्या मराठी माणसांकडून मला याबद्दल बरेचदा विचारणा होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निष्कर्ष. वर्गणीच्या साइट लागतातच, पण शेतकरी घराण्याच्या बाबतीत त्यांच्यावर अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं जमिनीच्या कागदांत असतं, आणि त्यातलं बरंचसं फुकट मिळतं.

डेव्हनसाठी मी फाइंडमायपास्ट ही वर्गणीची साइट घेतली, कारण इथल्या चर्चच्या नोंदवह्यांची मूळ पानं तिथे पाहायला मिळतात. अनुक्रमणिकेत फक्त नाव आणि तारीख येते. मूळ पानावर समासात पाद्रीनं काय खरडलंय, वरच्या-खालच्या ओळीत कोण आहे, त्याच घरातलं दुसरं मूल त्याच दिवशी बाप्तिस्म्याला आणलं होतं का, हे सगळं दिसतं. चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी हा हुकूम 1538चा, पण इतक्या जुन्या वह्या थोड्याच गावांत टिकल्यात. 1813पासून छापील नमुना आला आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा आणि राहण्याची जागा लिहायला लागले. शेतकऱ्यांच्या शोधात ही फार मोठी सोय आहे, कारण डेव्हनमध्ये राहण्याची जागा म्हणजे बहुतेक वेळा शेताचं नाव. एकाच गावात एकाच नावाचे दोन जॉन असले तरी एक ‘हायर’चा आणि एक ‘लोअर’चा, असे वेगळे काढता येतात.

फॅमिलीसर्च पूर्ण मोफत आहे. भारतात बसूनही खातं उघडता येतं. शोधाची सोय चांगली आहे, पण मूळ पानांच्या बाबतीत हात आखडता आहे : काही पानं घरून दिसतात, काहींसाठी त्यांच्या केंद्रातच जावं लागतं. फ्रीबीएमडी स्वयंसेवकांनी उभं केलेलं आहे, तेही मोफत. 1 जुलै 1837पासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली, तिची अनुक्रमणिका तिथे आहे. मात्र जन्माच्या शोधासाठी सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसची स्वतःची अनुक्रमणिकाच वापरा. तिच्यात 1837पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, जुन्या तिमाही अनुक्रमणिकेत ते 1911च्या मधल्यापासूनच येतं. लहानपणीच गेलेली, कुठल्याच जनगणनेत न आलेली मुलं मला या एका रकान्यामुळे सापडली.

जनगणनेबद्दल थोडं बोलायलाच हवं. 1841च्या जनगणनेत पंधराच्या वरच्या माणसाचं वय सर्वसाधारणपणे पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहिलंय, एकोणसाठचा माणूस पंचावन्नचा होतो. जन्मगावही नाही, फक्त याच काउंटीतला की नाही एवढंच. 1851पासून नातं आणि जन्माचं गाव येतं, आणि शेतकऱ्यांना किती एकर कसता, किती मजूर ठेवता हे सांगायचं असे. आमच्या घराच्या ओळीत 110 एकर आणि दोन मजूर आहेत. दहा वर्षांनी तेच शेत, त्याच माणसाचा मुलगा, आणि एकर कमी झालेले. कुठे गेले, हा प्रश्न आडनावाच्या झाडावर (वंशवृक्षावर) कधी पडलाच नसता. त्याच पानावर घरात राहणारे गडी-मोलकरणीही आहेत, आणि नऊ-दहा वर्षांची पोरं ‘ॲप्रेंटिस’ म्हणून. गावच्या निधीवर पोसली जाणारी गरिबांची मुलं शेतकऱ्यांकडे कामाला बांधून देण्याची पद्धत डेव्हनमध्ये जोरात होती. तीही त्या घरातच वाढली, म्हणून मी त्यांची नावंही आमच्या वहीत वेगळ्या पानावर लिहिली आहेत. 1931ची जनगणना शोधत बसू नका, ती डिसेंबर 1942मध्ये आगीत गेली आणि 1941ची झालीच नाही. मधली जागा 29 सप्टेंबर 1939ला केलेल्या लोकांच्या नोंदीच्या रजिस्टरनं भरून निघते.

आता तक्रार. वर्गणीच्या एका मोठ्या साइटवर (नाव घेत नाही) इतरांनी बनवलेली झाडं सुचवण्याची सोय आहे. पान उघडलं की सूचना येतात, आणि एक बटण दाबलं की अख्खी पिढी तुमच्या झाडाला चिकटते. आमच्या घराण्याची तिथे बरीच झाडं आहेत आणि बहुतेकांत एकाच विल्यमला शेजारच्या गावातल्या बापाला जोडलंय. तो शेजारच्या गावातला विल्यम वर्षाच्या आत वारला, दफनाची नोंद त्याच वहीत चार पानं पुढे आहे. कुणीतरी एकानं जोडलं, बाकीच्यांनी उचललं. मी पुराव्यासह लिहून कळवलं, आभाराचं ठरावीक उत्तर आलं, झाडं जशीच्या तशी आहेत. विल्यम, जॉन, थॉमस, रिचर्ड या चार नावांवर दीडशे वर्षं काढणाऱ्या घराण्यात ही सोय धोक्याची आहे. मी ती बंद करून टाकली.

आणि इथेच टाइद नकाशे कामाला आले. ‘टाइद’ म्हणजे चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा धान्यात, लोकरीत, दुधात द्यायची जुनी पद्धत. 1836च्या कायद्यानं ती रोख रकमेत बदलली, आणि कुणी किती द्यायचं हे ठरवण्यासाठी गावोगाव तुकडा न् तुकडा मोजला गेला. नकाशासोबतच्या तक्त्यात जमीनमालक, प्रत्यक्ष कसणारा, तुकड्याचा क्रमांक, शेताचं नाव, जमीन नांगरटीची की गवताची, क्षेत्र आणि द्यायची रक्कम. ज्यांनी आयुष्यात कधी सातबारा हातात धरलाय त्यांना हा तक्ता समजावून सांगावा लागत नाही. डेव्हन काउंटी कौन्सिलनं आपले टाइद नकाशे मोफत ऑनलाइन ठेवले आहेत. इतर बऱ्याच काउंट्यांसाठी ‘द जीनिअलॉजिस्ट’ची वर्गणी घ्यावी लागते, आणि या एका कामापुरती ती घेण्यासारखी आहे.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. चार रूडांचा एकर, चाळीस पर्चचा रूड. आपल्या हिशेबात एक रूड म्हणजे बरोबर दहा गुंठे आणि चार पर्च म्हणजे एक गुंठा. आमच्या तक्त्यातला एक तुकडा 3 एकर 2 रूड 16 पर्च, म्हणजे 3 एकर 24 गुंठे. मी सगळा तक्ता गुंठ्यांत मांडून माझ्या बाबांना पाठवला. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा : ओढा कुठल्या बाजूनं जातो? नकाशात बघितलं तर ओढा होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांचे तुकडे गवताचे.

शेतांची नावं वाचताना मी तासन्‌तास रमले. ब्रूम पार्क, फर्झ पार्क, बार्न पार्क, हायर मूर. घराजवळच्या शेताला ‘होमर’, लांबच्याला ‘यॉन्डर’. सासऱ्यांना यादी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मधेच थांबवून पुढची दोन नावं स्वतः सांगितली. ती शेतं त्यांच्या घराण्याच्या ताब्यात आता नाहीत, पण त्यांच्या लहानपणी गाई आणायला जाताना हीच नावं घेत. तक्ता 1840च्या आसपासचा आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी भूमापन खात्याचे) नकाशे मोफत आहेत, आजच्या उपग्रह चित्रावर ते अंथरून पारदर्शकता कमी-जास्त करता येते. आमच्या दोन शेतांमधलं कुंपण कुठे पडलं आणि कुठे अजून उभं आहे, हे मी तिथेच पाहिलं.

तक्त्यात मालकाच्या रकान्यात आमचं आडनाव नाही. आपल्याकडून पाहणाऱ्याला हे पटकन पचत नाही : शेतकरी म्हणजे जमिनीचा धनी असं आपण धरून चालतो. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडची बहुतेक शेतजमीन कुळं कसत होती. 1873च्या जमीनमालकांच्या सरकारी मोजणीत डेव्हनमध्ये एकट्या मार्क रोल यांच्या नावावर 55 हजार एकरांच्या वर जमीन होती, ग्रेट टॉरिंग्टनच्या आजूबाजूचा केवढा तरी मुलूख त्यांचा. महायुद्धानंतर मोठ्या जहागिरी विकायला निघाल्या तेव्हा अनेक कुळांनी आपलीच शेतं विकत घेतली. आमच्याकडेही तसंच झालं.

पण कूळ असण्याचा एक मोठा फायदा वंशावळ शोधणाऱ्याला होतो. पश्चिम इंग्लंडात ‘तीन जिवांचा’ पट्टा चालत असे. कागदावर मुदत नव्व्याण्णव वर्षांची, पण पट्ट्यात नाव घातलेली तीन माणसं जिवंत असेपर्यंतच. सुरुवातीला मोठी रक्कम भरायची, मग वर्षाचा खंड अगदी किरकोळ. कूळ मेलं की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाला द्यायची अटही पुष्कळदा असे. तिघांतला एक गेला की पैसे भरून नवा जीव घालता येई. शेत घरात टिकवायचं तर तरुण आणि धडधाकट नाव घालायचं, म्हणून पट्ट्यात मुलगा येतो, मुलगी येते, कधी पुतण्या, आणि प्रत्येकाचं नातं, पुष्कळदा वयही. एका कागदात तीन पिढ्या. आमचं 1760 ते 1790 हे भगदाड अशाच एका पट्ट्यानं बुजलं. त्यात मुलीचं वय चार वर्षं आहे. तीस वर्षांनी शेत तिच्या नवऱ्याकडे दिसतं, म्हणजे आडनाव बदललं आणि घराणं तेच राहिलं. नुसत्या आडनावाच्या शोधात ही शाखा कायमची सुटली असती.

हे पट्टे शोधायला नॅशनल अर्काइव्ह्जची (लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्याची) ‘डिस्कव्हरी’ ही मोफत सूची वापरा. तिच्यात काउंट्यांच्या दप्तरखान्यांतल्या कागदांचीही वर्णनं आहेत. गावाचं किंवा शेताचं नाव टाका, आडनाव नको. मूळ कागद मी एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये पाहिला. तिथले कर्मचारी मनापासून मदत करतात.

मृत्युपत्रांच्या बाबतीत डेव्हनवाल्यांचं नशीब खोटं. मे 1942मध्ये एक्सेटरवर बॉम्ब पडले, त्यात मृत्युपत्रांचं दप्तर जळालं. दुसऱ्या काउंटीतल्या शेतकऱ्याच्या मृत्युपत्रात नांगर, बैल, पलंग कुणाला गेला हे वाचायला मिळतं, इथे ते शतकानुशतकांचं गेलं. या गोष्टीचं मला अजूनही वाईट वाटतं. कर खात्यानं 1812 ते 1857मध्ये करून ठेवलेल्या नकला मात्र वाचल्या आहेत, त्या हेरिटेज सेंटरमध्येच विचारा. आणि थोडी बरी ऐपत असलेल्यांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या धर्मन्यायालयात गेली असतील तर ती क्यूला नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये सुरक्षित आहेत.

या भागातलं घराणं 1820च्या सुमाराला चर्चच्या वहीतून अचानक नाहीसं झालं तर घाबरू नका. विल्यम ओब्रायन यांनी 1815 साली शेबेअरच्या लेक फार्मवर ‘बायबल ख्रिश्चन’ पंथ सुरू केला आणि आजूबाजूची शेतकरी-मजूर मंडळी मोठ्या संख्येनं तिकडे गेली. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या वेगळ्या. आमची सात मुलांतली चार तिकडे सापडली.

सासऱ्यांना सगळ्यात जास्त भावला तो 1941 ते 1943चा राष्ट्रीय शेती पाहणीचा कागद. युद्धकाळात पाच एकरांवरच्या प्रत्येक शेताची पाहणी झाली : घोडे किती, ट्रॅक्टर आहे का, पाणी नळाचं की विहिरीचं, वीज आहे का, ससे-उंदरांचा उपद्रव किती, आणि शेवटी शेतकऱ्याला अ, ब किंवा क श्रेणी. मी तो क्यूला जाऊन काढला. त्यांच्या वडिलांना अ मिळालाय. विहीर, वीज नाही, दोन घोडे. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दोन्ही घोड्यांची नावं सांगितली. ती आता वहीत आहेत.

मागे जाल तशी अडचण वाढते. 1752पर्यंत इंग्लंडचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे वहीतला फेब्रुवारी 1731 आपल्या हिशेबानं 1732 असतो. लग्न आधी की मूल आधी, हा घोळ पुष्कळदा एवढ्यानंच सुटतो. 1733पूर्वीचे जहागिरीच्या न्यायालयाचे कागद बहुतेक लॅटिनमध्ये आणि हस्ताक्षर वेगळंच. नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर जुनी अक्षरं वाचायचे मोफत धडे आहेत, मी सध्या तेच गिरवतेय.

पैशांचं सांगायचं तर वर्षाची वर्गणी लगेच भरू नका. आधी फॅमिलीसर्च, फ्रीबीएमडी आणि जनरल रजिस्टर ऑफिसची अनुक्रमणिका यांवर 1837पर्यंतचा सांगाडा उभा करा. इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत वर्गणीच्या साइट फुकट वापरता येतात, दोन-चार शनिवार तिथे घालवा. कुठल्या काउंटीची मूळ पानं कुठल्या साइटवर आहेत हे पाहून मगच एका महिन्याची वर्गणी घ्या, त्या महिन्यात दिसेल ते प्रत्येक पान उतरवून ठेवा, आणि स्वयंचलित नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. डेव्हन असेल तर फाइंडमायपास्ट. मी पुढच्या हिवाळ्यात परत एक महिना घेणार आहे. सासूबाईंच्या माहेरची मंडळी बिडफर्डकडची, त्यांचं काम अजून सुरूच व्हायचंय.