विहिरीत उतरायचा ‘हवेचा सेट’ (बडोदे): घेऊ नका

भाच्याला शेतावरच्या विहिरीतली मोटर काढायची होती, म्हणून दांडिया बाजारातून त्याच्याबरोबर हा सेट बघायला गेलो. रंग फवारायचा, पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर, बागेचा पाइप, टोकाला मास्क. क्लिपा मात्र झकास बसवल्यात, एक तारा त्यांचा.

हवा ओढायचं तोंड सायलेन्सरच्या शेजारीच! म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड थेट छातीत. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगतो, आणि पाण्यात गुंगला की संपलंच. वर तेलाची वाफ. फिल्टरचं विचारलं तर दुकानदार म्हणतो, "काका, रुमाल बांधा ना." उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्हही नाही. वर पाइप निसटला तर मास्कमधलीच हवा ओढली जाणार.

भाच्याचं पुढचं डोकं: "मामा, मग नुसती लांब नळी तोंडात धरून उतरतो." अरे बाबा, मीटरभर खालीसुद्धा पाणी छाती असं दाबतं की श्वास ओढता येत नाही. १० मीटरवर तर एकूण दाब वरच्या दुप्पट. आणि कॉम्प्रेसरची हवा भरून, श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा पसरून फुप्फुस फाडू शकते. त्याला खोल विहीर लागत नाही, दीड मीटर पाणीही पुरतं.

दुकानदार गोड आहे, चहा पाजला. आम्ही चेनपुली भाड्याने आणून मोटर वरूनच ओढली.