बारा छाट कलमांचे एक खोड: फायकस बोन्सायचा अनुभव

उरुळी कांचन परिसरातील एका नर्सरीतून दोन वर्षांपूर्वी मी १,८०० रुपयांना फायकसचा (वड-पिंपळाच्या गटातील झाडाचा) जो बोन्साय आणला, त्याचे खोड पेन्सिलीएवढ्या जाडीची १२ छाट कलमे घट्ट बांधून तयार केलेले होते. वडाच्या पारंब्या एकमेकींना टेकल्या की कालांतराने एकजीव होतात, तसेच येथे घडते. वाढणारी कलमे एकमेकांवर दाबली जातात आणि सालीखालचे कॅम्बियमचे (खोड जाड करणाऱ्या, वाढत्या पेशींचे) थर जुळून येतात, त्यामुळे एकाच कलमाला एवढी जाडी येण्यासाठी लागणारी कितीतरी वर्षे वाचतात. बुंध्यावरून आज बोट फिरवले तर सांधा हाताला लागत नाही, आणि हे काम खरोखर सुरेख झाले आहे. वरच्या बाजूला मात्र करंगळीएवढी फट राहिली आहे, कारण तिथली पट्टी विक्रीपूर्वीच सोडलेली होती; पावसाळ्यात मी ती पुन्हा आवळली. खरी नाराजी वेगळीच आहे. सर्व कलमे एकाच मातृवृक्षाची असायला हवीत, पण यातले एक दुसऱ्याच जातीचे निघाले आणि त्याची फिकट साल खोडावर पट्ट्यासारखी उठून दिसते. घेण्यापूर्वी प्रत्येक शेंड्याची पाने जुळवून पाहावीत.