लाकडाचा बंब ठेवायचा की गॅसवर जायचं? नागपूरच्या घरांसाठी तुलना

थंडी सुरू झाली की जुन्या घरांमध्ये हा विषय निघतोच, तांब्याचा बंब पेटवत राहायचा की गॅस गीझर बसवून मोकळं व्हायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणतं चांगलं हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे, पहिले हे बघा की जाळ पेटणार कुठे, उघड्यावर की चार भिंतींच्या आत.

महाल भागातल्या वाड्यात किंवा मानेवाडा-बेसा साइडच्या प्लॉटवर मागे आंगण असेल आणि गावाकडून पऱ्हाट्या-तुराट्या येत असतील तर बंबाला तोड नाही. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख पडायला जागा, त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. एकदा तापला की वरून गार पाणी टाकत राहा, निखाऱ्यावर पण बराच वेळ गरम पाणी मिळत राहतं, त्यामुळे घरात पाहुणे असले किंवा बाळंतीण असली की त्याची खरी किंमत कळते. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 डिग्रीवर आला होता, तसल्या सकाळी तर घरातलं सगळं माणूस बंबाभोवतीच उभं राहतं.

पण जळतन विकत घ्यायचं असेल तर हिशोब बदलतो. सुकं लाकूड किलोमागे गॅसच्या साधारण एक तृतीयांशच उष्णता देतं, त्यातली पण बरीचशी नळीतून वर निघून जाते, म्हणजे तेवढंच पाणी तापवायला वजनाने पाच-सात पट लाकूड तरी धरून चाला, ओलं असलं तर आणखी. लकडगंजच्या आरामशीनवरून आणा नाहीतर कुठूनही आणा, ते ठेवायला कोरडी जागा लागते. आणि धुराचं सांगायचं तर नळीतून तो वर जातो खरा, पण पेटवतानाची पहिली काही मिनिटं तो पेटवणाऱ्याच्या तोंडावरच येतो, आणि पेटवणारी बहुतेक घरात आई नाहीतर आजी असते. थंडीत सकाळची हवा जड असते, धूर वर न जाता खालीच पसरतो, शेजारी दमेकरी असेल तर त्याचाही विचार करावा लागतो.

आता गॅस. 15 लिटरची बादली 20 डिग्रीवरून 42 वर न्यायला चांगल्या गीझरला साधारण 35 ते 40 ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे 14.2 किलोच्या घरगुती सिलेंडरमध्ये 350 ते 400 बादल्या, डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी जास्त गार असतं तर 300 धरा. तुमच्याकडच्या सिलेंडरच्या भावाला 300 ने भागा, एका बादलीचा खर्च समोर येतो. चार माणसांच्या घरात रोज एकेक बादली धरली तरी एक सिलेंडर अडीच महिने जातो, आणि एप्रिल-मे मध्ये तर वरच्या टाकीचंच पाणी इतकं तापून राहतं की गीझरला हात लावायची गरज पडत नाही. लाईट गेली तरी चालतो, दोन मोठे सेल टाकले की झालं.

भाऊ, आता नीट वाचा, कारण दुकानदार हे सांगत नाही. गॅस जळताना हवेतला ऑक्सिजन खातो, आणि छोट्या बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, माणसाला आधी डोकं दुखतं, गरगरतं, मग कडी लावलेल्या बाथरूममध्ये तो तसाच पडून राहतो आणि बाहेरच्यांना वाटते आंघोळ चालू आहे. देशात असे मृत्यू झाले आहेत, आणि त्यात जवान पोरंपोरी पण होत्या. थंडीत आपण खिडकी, व्हेंटिलेटर कागद लावून बंद करतो, तेच घातक आहे. त्यामुळे गीझर बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या पॅसेजमध्येच लावा आणि फक्त पाण्याचा पाईप आत घ्या. जागाच नसेल तर गॅस गीझर घेऊच नका, इलेक्ट्रिक घ्या, बादलीला अर्धा युनिटच्या आतबाहेर वीज लागेल पण माणूस सुरक्षित राहील. बंबालाही हेच लागू आहे बरं, पाऊस आला म्हणून पेटता बंब न्हाणीत ओढून आणायचा नाही.

तिसरा रस्ता पण बरेच जण विचारून राहिले, जुन्या बंबाच्या खाली वेल्डरकडून बर्नर बसवून घ्यायचा. माझं स्पष्ट नाही. गीझरमध्ये जाळ विझला की गॅस आपोआप बंद होतो, जोडजाड केलेल्या बर्नरला ती सोय नसते. वाऱ्याने जाळ विझला की गॅस येतच राहतो, आणि एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो. त्यात हाय प्रेशरचा रेग्युलेटर लावणारेही आहेत, म्हणजे आणखीच धोका.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा. टाकी नळाच्या जेमतेम वर असेल तर प्रेशर पुरत नाही आणि गीझर पेटतच नाही. आणि बोअरचं पाणी जड असेल तर आतल्या तांब्याच्या नळ्यांमध्ये क्षार बसतात, धार बारीक होत जाते, दरवर्षी सर्व्हिसिंग धरूनच चाला. आयएसआय मार्क बघा, गॅसची नळी पण मार्कवालीच घ्या.

म्हणून आंगण आणि फुकटचं जळतन असेल तर बंब ठेवा, फ्लॅटमध्ये गॅलरी असेल तर गॅस, गॅलरी नसेल तर इलेक्ट्रिक. गीझर घेतला तरी बंब लगेच मोडीत घालू नका, एक हिवाळा काढून बघा, तांबं वजनावर जातं, पुढच्या वर्षीही विकल्या जाईल.