चीनचं परराष्ट्र धोरण: दस्तऐवज वाचावेत की वर्तन तपासावं?

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना हा पेच हमखास पडतो.

वेळ: १९५४ चा भारत-चीन पंचशील करार (शांततामय सहजीवनाची पाच तत्त्वं) आणि चीन सरकारच्या श्वेतपत्रिका लवकर वाचून होतात. वर्तनासाठी सुरक्षा परिषदेतलं मतदान, कर्जकरार, सागरी हालचाली जुळवण्यात महिने जातात.

भरवसा: खरा फरक इथे आहे. सार्वभौमत्वाचा आदर हे चीनचं जाहीर तत्त्व. तरी २५ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणाच्या निषेधाच्या सुरक्षा परिषदेतल्या ठरावावर तो तटस्थ राहिला. दक्षिण चीन समुद्रातले चीनचे दावे फेटाळणारा २०१६ चा लवादाचा निवाडाही त्याने धुडकावला. मात्र नुसतं वर्तन पाहत राहिलं, तर प्रत्येक हालचालीत डाव दिसू लागतो. चीन आपलाच भाग मानतो त्या तैवानबाबत तर त्याचे शब्द गांभीर्यानेच वाचायला हवेत.

परीक्षेपुरतं हवं तर दस्तऐवज भागवतात. संशोधन किंवा पत्रकारितेसाठी आधी कृती नोंदवा, मग त्याच तारखेचं अधिकृत निवेदन शेजारी ठेवा.