तालुक्याचं फ्रेमचं दुकान आणि वेताळाची मूळ चित्रपट्टी

बस स्टँडच्या मागे नाहीतर बाजारओळीत, तालुक्याच्या गावी फ्रेमचं एक दुकान असतंच. भिंतीवर गजानन महाराज, तुकडोजी महाराज, बाबासाहेब, लग्नातलं जोडपं, तंटामुक्तीचं प्रमाणपत्र. दर रनिंग फुटावर, काम बहुतेक त्याच दिवशी. वर्तमानपत्रातल्या जुन्या चित्रपट्ट्यांची मूळ चित्रं आणि त्या काढणाऱ्या चित्रकारांचे फोटो जमवणारा माणूस विदर्भात खेड्यावर राहत असेल, तर त्याच्या हाताशी हेच दुकान आहे. म्हणून हे परीक्षण कुण्या एका दुकानाचं नाही, या सेवेचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: लाकूड आणि काच दुकानाकडून घ्या, कागद त्यांच्या हाती देऊ नका. मूळ चित्र दुकानात न्यायचंच नाही. त्याऐवजी मापाचा पुठ्ठा कापून न्यायचा, चौकट रिकामी घरी आणायची आणि आतली मांडणी स्वतः करायची.

एवढी काळजी कशासाठी, ते चित्र हातात घेतल्यावर कळतं. वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’ची, दैनिक पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली. लेखक ली फॉक, पहिला चित्रकार रे मूर, मग विल्सन मॅकॉय आणि १९६१ पासून तीस वर्षांहून जास्त साय बॅरी. १९६४ ला निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून हाच वेताळ मराठीतही आला, त्यामुळे आपल्याकडचा संग्राहक बहुधा त्याच्यापासूनच सुरुवात करतो. मूळ पट्टी छापल्यापेक्षा बरीच मोठी, ब्रिस्टल बोर्डवर, म्हणजे जाड चित्रकागदावर, काळ्या शाईत काढलेली असते. दहापट भिंगाखाली शाईची रेघ सलग दिसते. बारीक ठिपक्यांची रांग सगळ्या चित्रभर, अक्षरांतसुद्धा दिसली तर ती छापील प्रत आहे, तिच्यासाठी खर्च करू नका. (छटेसाठी चिकटवलेल्या फिल्मचे ठिपके वेगळे. ते ठरावीक जागीच असतात आणि फिल्मची कापलेली कड बोटाला लागते.) निळ्या पेन्सिलीच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला निळा दिसत नसे. चुकलेल्या रेघेवर पांढरा रंग, कोपऱ्यात तारखेची आणि सिंडिकेटच्या (वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीच्या) हक्काची चिकटवलेली चिठ्ठी.

यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने बिघडते. कार्बनची काळी शाई टिकते. पांढऱ्या रंगाचे पापुद्रे सुटतात. चिठ्ठीखालचं रबर सोल्युशन तपकिरी होऊन कागदात उतरतं आणि चिठ्ठी गळून पडते. ठिपक्यांची फिल्म आकसते, कडा उचलते. रॉय क्रेनने ‘बझ सॉयर’ या पट्टीसाठी वापरलेल्या क्राफ्टिंट बोर्डवर छटा रसायनाने उमटवलेल्या असतात, असा बोर्ड उजेडात टांगूच नये. हे सगळं एका कागदावर असताना दुकानदाराने आपुलकीने ‘लॅमिनेशन करून देऊ का, पाणी लागणार नाही’ असं विचारलं, तर नाही म्हणायचं. गरम रोलरखालून गेलेला बोर्ड परत मिळत नाही.

आता दुकानाचं चांगलं. कोपऱ्याचा पंचेचाळीस अंशाचा काप इथे उत्तम बसतो. रोज दहा-वीस तसबिरी करणाऱ्या हाताला ती सफाई असतेच. कोपऱ्यात नख घालून बघा, अडकलं नाही तर काम झालं. काच सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) मापात कापून मिळते. माप देताना चित्राचं देऊ नका, बाहेरच्या माउंटचं द्या. (माउंट म्हणजे चित्राच्या पुढे-मागे बसणारा पुठ्ठा, पुढच्याला चित्र दिसायला खिडकी कापलेली असते.) समजा बोर्ड १८ × ६ इंच आहे. वर आणि दोन्ही बाजूंना अडीच इंच, खाली तीन इंच कड ठेवली की २३ × साडेअकरा होतं. परीघ ६९ इंच. त्यात चौकटीच्या लाकडी पट्टीच्या रुंदीच्या आठपट कापात जाते. एक इंची पट्टीला आठ इंच. म्हणजे ७७ इंच, साडेसहा फूट. दुकानदार यापेक्षा फारच जास्त फूट लावत असेल तर हिशेब त्याच्यासमोर मांडा. काच बसायला प्रत्येक बाजूला अर्धा सूत ढिलाई ठेवायला सांगा. मे महिन्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं, घट्ट बसवलेली काच मग कोपऱ्यातून तडकते.

पट्टी निवडताना नक्षी राहू द्या, आतल्या खाचेची खोली मोजा. काच २ मिलिमीटर, दोन थर माउंट ३, चित्राचा बोर्ड अर्धा, मागचं माउंट दीड, सनपॅक ३, एकूण १० मिलिमीटर. खाच ११ ते १२ मिलिमीटर हवी. देवादिकांच्या तसबिरीची पातळ पट्टी यात चालत नाही. दुकानदार खिळे मारून दाबून बसवेल, पण मग काच चित्रावर टेकेल. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सागवानाची पट्टी मिळते, ती दणकट आहे. तरी कच्चं लाकूड कागदाला आम्लच देतं, म्हणून खाचेच्या आतून पॉलिएस्टर फिल्मची किंवा ॲल्युमिनियमची चिकटपट्टी फिरवा. आंब्याच्या लाकडाची घेऊ नका, त्यात भुंगा लवकर लागतो.

दुकान जिथे चुकतं तो भाग मागचा. पद्धत अशी: फोटो फेव्हिकॉलने हार्डबोर्डवर, वर काच, मागून खिळे, खिळ्यांवर तपकिरी कागदी टेप. महाराजांच्या छापील तसबिरीला हे पुरेसं आहे, ती बिघडली तर दुसरी मिळते. मूळ चित्राला यातली एकही पायरी चालत नाही. हार्डबोर्ड, प्लाय, एमडीएफ या सगळ्यांतून आम्ल वाफ सुटते आणि चित्राच्या पाठीवर बोर्डाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो. फेव्हिकॉल सुकल्यावर कागद फाडल्याशिवाय निघत नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन आरपार जातो. दुकानातलंच रंगीत माउंट वापरायला सांगितलं, तर तिथेच दुरुस्तीला आलेली एखादी जुनी फ्रेम उतरवून खिडकीचा तिरपा काप बघा. मूळचा पांढरा काप चहाच्या डागासारखा झालेला दिसेल. कागदाला जिथे तो काप टेकतो, तिथे चित्रावरही तशीच रेघ पडते.

म्हणून दुकानात एवढंच सांगायचं: “भाऊ, चौकट, काच आणि हुक वेगवेगळे द्या. मागचं काही लावू नका, खिळे मी घरी मारतो.” बहुतेक दुकानदार आधी नाराज होतात, कारण त्यांच्या लेखी मागचं बंद केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. पैसे पूर्ण कामाचे द्या, कुरकुर संपते.

मागच्या बाजूला एक वस्तू मात्र तालुक्यातच मिळते, आणि ती फ्रेमवाल्याकडे नाही, फ्लेक्स छापणाऱ्याकडे. सनपॅक, म्हणजे निवडणुकीच्या फलकांना वापरतात ती पोकळ नळ्यांची पॉलिप्रॉपिलीनची शीट. कोरी शीट मागा. ती आम्ल सोडत नाही, ओल धरत नाही, कसर खात नाही. तिथेच सनबोर्ड दाखवतील, तो जास्त सपाट आणि देखणा दिसतो. तो घेऊ नका. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसी उष्णतेत जुना होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो. नावं इतकी जवळची आहेत की गल्लत हमखास होते. नळ्या दिसल्या तर सनपॅक, भरीव असला तर सनबोर्ड.

बाहेरून मागवायच्या मुख्य वस्तू दोन: आम्लरहित माउंट बोर्ड आणि ७५ ते १०० मायक्रॉनची कोरी पॉलिएस्टर फिल्म. माउंट बोर्डवर नुसतं ‘ॲसिड फ्री’ लिहिलेलं पुरेसं नाही. कापसाचा किंवा लिग्निन (लाकडातलं पिवळं पडणारं द्रव्य) काढलेल्या लगद्याचा आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पीएच पेनची (आम्ल तपासायच्या पेनची) रेघ जांभळी उमटली तर ठीक, पिवळी उमटली तर परत करा. ती रेघ कापून उरलेल्या तुकड्यावर ओढा.

घरची मांडणी. हात धुऊन कोरडे करा, तेल लावलेल्या केसांवरून हात फिरवू नका. आधी चित्राचा पुढून-मागून फोटो काढा, मागचे शिक्के एकदा बंद झाले की दिसत नाहीत. मागच्या माउंटवर चित्र ठेवा. फिल्मच्या दोन इंच लांब, पाऊण इंच रुंद पट्ट्यांची दोन्ही टोकं मध्यापासून खाली दुमडली की त्रिकोणी कोपरा तयार होतो. चारही कोपऱ्यांत चित्र सरकवा आणि कोपऱ्यांची शेपटं दुतर्फा टेपने माउंटला चिकटवा. टेप चित्राच्या कडेपासून दोन सूत लांब राहिला पाहिजे. १८ इंचाचा बोर्ड मध्ये वाकतो, म्हणून खालच्या कडेला मधोमध एक आडवी पट्टीही द्या. कोपरे अगदी घट्ट ओढू नका. पावसाळ्यात कागद वाढतो, जागा नसेल तर लाट येते. खिडकीचं माउंट चित्रावर चारही बाजूंनी दोन सूत यावं, पण सही किंवा तारीख झाकत असेल तर त्या बाजूचं माप सोडा.

चित्राच्या चारही कडा दिसायला हव्या असतील तर कोपरे चालत नाहीत, जपानी कागदाची बिजागरी लागते. तिला गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतात. कुरड्यांचा चीक वापरू नका. तो दोन-तीन दिवस भिजवून आंबलेला असतो, त्यात मीठ पडलेलं असू शकतं. मैद्याचा घट्ट गोळा फडक्यात बांधून पाण्यात मळा, पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं ओता, तळचं पांढरं आणखी दोनदा धुऊन वाळवा. एक चमचा सत्त्व, पाच चमचे पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर वीस मिनिटं सतत ढवळा. अर्धपारदर्शक झालं की थंड करून मलमलीतून दोनदा गाळा. दोन दिवसांत संपवा, उरलेलं फेका. जिल्दसाज खळ टिकावी म्हणून मोरचूद घालतात, ती इथे अजिबात नको, तांब्याने कागद जळतो. बिजागरी फक्त वरच्या कडेला, दोन. चारही बाजूंनी चिकटवलं की पहिल्या पावसात बोर्ड फाटतो.

चित्रकारांचे फोटो हे वेगळं प्रकरण आहे. सिंडिकेट प्रसिद्धीसाठी ८ × १० इंची चकचकीत फोटो वर्तमानपत्रांना पाठवत. मागे मजकुराची चिकटवलेली चिठ्ठी, आवक-तारखेचा शिक्का, पुढे कापायच्या खुणा. त्या खुणा पुसू नका; फोटो खरोखर वर्तमानपत्राच्या कपाटातून आला याचा तो पुरावा आहे. ‘फ्लॅश गॉर्डन’चा चित्रकार ॲलेक्स रेमंड १९५६ साली मोटार अपघातात गेला, तेव्हा त्याचा १९४० चा म्हणून विकला जाणारा फोटो प्लॅस्टिकच्या थराच्या कागदावर असेल तर तो नंतर छापलेला आहे. तसा कागद १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतर रुळला. जांभळ्या दिव्याखाली, नोटा तपासायच्या दिव्यानेही, कागद निळा झगमगला तर त्यात उजळवणारं रसायन आहे आणि ते १९५० नंतरचं लक्षण. सिल्व्हर जिलेटिनचा, म्हणजे जुन्या कृष्णधवल पद्धतीचा, फोटो ओलसर हवेत काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहरा काचेवर राहतो. दोन थर माउंटचं अंतर इथे सक्तीचं समजा. आमचं मत विचाराल तर फोटोची चांगली प्रत काढून ती फ्रेम करा, मूळ फोटो फिल्मच्या पाकिटात आडवा ठेवा. वर्तमानपत्राच्या कात्रणांचंही तेच. फ्लॅश गॉर्डनचं रविवारचं पान असो की १९९१ नंतरच्या ‘चिंटू’ची कात्रणं, न्यूजप्रिंट लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं. त्याला भिंत नकोच.

फ्रेम बंद करायचा हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. श्रावणात बंद केलेली फ्रेम पावसाळ्याची हवा आत कोंडते. सनपॅक बसवून त्याची फट ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा, खिळे चौकटीत आडवे, अलगद दाबून, हातोडी न मारता. काचेवर मास्किंग टेपची फुली मारून एसटीने नेताना फ्रेम मांडीवर उभी धरा, डिकीत आडवी नको.

टांगायची जागा ठरवताना आपल्याकडचा सगळ्यात मोठा घातक कूलर आहे. एप्रिल ते जून बाहेर हवा कोरडी, पंचेचाळीस अंश, आणि कूलरच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा. दुपारी ओल, कूलर बंद झाला की कोरड, रोज एकदा. कागद रोज ताणला-सैल होतो आणि पांढऱ्या रंगाचे पापुद्रे याच खोलीत सुटतात. कूलर नसलेल्या खोलीतली आतली भिंत निवडा. पश्चिमेची भिंत नको, मोरीला लागून नको, मातीच्या भिंतीवर तर मुळीच नको. वाळवी, आपली उधई, चौकटीच्या मागूनच चढते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाचे तुकडे लावा, भिंतीपासून एक सेंटिमीटर हवा खेळू द्या. डांबर गोळ्या फ्रेममध्ये किंवा फोटोच्या पेटीत ठेवू नका. पेटीत सिलिका जेल चालतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वापरा.

पहिला पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात फ्रेम उतरवून मागची चिकटपट्टी काढा. काचेच्या आत धूसर थर, कोपऱ्यात कसरीचे चंदेरी कण, चित्रात लाट, यातलं काही दिसलं तर खोली बदला. काही नसेल तर नवी चिकटपट्टी लावून दोन वर्षं उघडू नका.