रोमचं 'कन्फर्म' तिकीट

रोमला जायचा बेत करत असाल आणि कोलोसियमची तिकिटं अडीच-तीन महिने आधीच कुठे 'कन्फर्म' मिळताना दिसली, तर कार्ड पाकिटात परत ठेवा. ती तिकिटं त्या वेळी निघालेलीच नसतात. कोलोसियमचं अधिकृत बुकिंग भेटीच्या तारखेआधी साधारण 30 दिवस उघडतं. त्याच्या आधी जो विकतो, तो 'मिळालं तर देऊ, नाही मिळालं तर बघू' एवढंच विकतो आणि ते सांगत मात्र नाही. आमच्या चौघांचे 248 युरो असे गेले, त्या वेळच्या भावाने पंचवीस हजारांच्या आसपास.

या सापळ्यात आपल्याकडची माणसं सापडण्याचं कारण आहे. आपली युरोपची ट्रिप व्हिसापासून सुरू होते. हॉटेलचं बुकिंग, विमानाचं बुकिंग, 30,000 युरो कव्हरचा विमा, दिवसवार कार्यक्रम हे सगळं आधी कागदावर हवं. अपॉइंटमेंट तर मिळता मिळत नाही. त्यामुळे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीतली ट्रिप फेब्रुवारीतच एक्सेलमध्ये पूर्ण झालेली असते, आणि सगळे रकाने हिरवे असताना एक कोलोसियमचाच कोरा राहिला की घरातलं कुणीतरी बेचैन होतं. आमच्याकडे ते काम नवरा करतो. (व्हिसाच्या फाइलला कोलोसियमचं तिकीट लागत नाही. एखादा एजंट 'लावलेलं बरं' म्हणाला तरी लागत नाही.)

गुगलवर शोधलं तर वरचे दोन-तीन निकाल जाहिरातीचे होते. त्यातली एक साइट उघडली. कोलोसियमचा संध्याकाळचा फोटो, वर सोनेरी अक्षरात 'ऑफिशियल' आणि कोपऱ्यात 'या तारखेसाठी थोडीच तिकिटं शिल्लक' असं लुकलुकणारं लाल पट्टीतलं वाक्य. माणशी 62 युरो; त्यात कोलोसियम, त्याला लागूनच असलेले फोरम आणि पॅलाटाइन टेकडीवरचे प्राचीन अवशेष, गाइड आणि 'स्किप द लाईन', म्हणजे रांग चुकवून प्रवेश. मुलांसाठी वेगळा भाव नव्हता, चौघांना एकच. पैसे गेले आणि लगेच व्हाउचर आलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'कन्फर्म्ड' आणि सकाळी साडेदहाची वेळ. एक्सेलचा रकाना हिरवा झाला.

आता खरे भाव सांगते. फोरम आणि पॅलाटाइनसकट कोलोसियमचं साधं तिकीट 18 युरोंचं आहे. 18 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट, मग ती कुठल्याही देशाची असोत. फक्त शून्य किमतीचं तिकीट त्यांच्या नावाने काढावं लागतं. म्हणजे आम्हा चौघांचा अधिकृत खर्च होता 36 युरो. गाइडला पैसे पडतात हे मान्य, पण मुलांच्या प्रवेशाचे पैसे घेणं याला दुसरं नाव नाही. आणि 'स्किप द लाईन' ही निव्वळ शोभेची पाटी आहे. वेळेचं तिकीट असलेला प्रत्येक जण सुरक्षा तपासणीच्या रांगेतूनच आत जातो, ती रांग कुणी चुकवून देऊ शकत नाही.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री, आम्ही जेवून हॉटेलवर आलो तेव्हा, व्हॉट्सॲपवर मेसेज पडला: 'ऑपरेशनल कारणांमुळे' सकाळची वेळ बदलून दुपारी 3.40. दुसऱ्या दिवशीचा सगळा कार्यक्रम विस्कटला, पण म्हटलं जाऊ दे, दुपारी तर दुपारी. भेटायची जागा कोलोसेओ मेट्रो स्टेशनच्या बाहेर. तिथे पिवळी छत्री घेतलेली एक मुलगी उभी होती. कॉलेजात असेल-नसेल. गळ्यात ओळखपत्र, त्यावर फक्त पहिलं नाव. तिने यादीत आमच्या नावावर टिक केली, फोनवर पीडीएफ पाठवली आणि 'गाइड आत भेटेल' म्हणून गेटकडे बोट दाखवलं. आमच्याबरोबर सुरतेचं एक कुटुंब होतं आणि ब्राझीलचं एक जोडपं.

पीडीएफ नीट वाचली ती माझ्या आठवीतल्या मुलीने. "आई, यावर कोलोसियम लिहिलेलंच नाहीये." खरंच नव्हतं. चारही तिकिटांवर छापलेलं होतं 'फोरम पास सुपर'. हे तिकीट खरं असतं, अधिकृत असतं, पण ते फोरम, पॅलाटाइन आणि तिथल्या काही खास जागांसाठी आहे. कोलोसियम त्यात येत नाही. आणि सगळ्यात संतापजनक गोष्ट खाली बारीक अक्षरात होती. आमच्या दोघांच्या तिकिटांवर किंमत 18 युरो, मुलांच्या तिकिटांवर 0,00. ज्यांनी मुलांचे 124 युरो घेतले त्यांनीच पाठवलेल्या कागदावर शून्य छापलेलं.

तरी गेटवर गेलो. माणसाने स्कॅनर लावला, लाल दिवा लागला. त्याने आमच्याकडे न बघताच वीआ देई फोरी इम्पेरिआलीच्या दिशेने हात केला, "फोरम, फोरम." दिवसभर हेच करत असावा. छत्रीवाली पळून वगैरे गेली नव्हती, हे विशेष. तिथेच उभी राहून पुढच्या नावांवर टिक करत होती. आम्ही आणि सुरतेचे काका मिळून तिला घेरलं तर तिने शांतपणे व्हॉट्सॲपचा तोच नंबर दाखवला, सपोर्टशी बोला. सपोर्टकडून उत्तर आलं की तुम्हाला 'समतुल्य अनुभव' दिलेला आहे. गाइडचं विचारलं तर तुमच्या फोनवर ऑडिओ गाइडची लिंक पाठवली आहे. त्या मुलीशी भांडून उपयोग नव्हता, तिला तासावर ठेवलेलं असणार. काकांनी मात्र गुजरातीत तिचा जो उद्धार केला तो आमच्या मुलांना अजून पाठ आहे.

फोरम पाहिलं, आणि ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. रोमन सम्राट टायटसच्या कमानीच्या आतल्या बाजूला जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सात फांद्यांची दीपमाळ मिरवत नेणारे रोमन सैनिक कोरलेले आहेत. कोलोसियमचं बांधकाम त्याच युद्धाच्या लुटीतून झालं असं इतिहासकार मानतात. त्या दिवशी ही माहिती जरा जास्तच पटली.

परत आल्यावर नवऱ्याने या धंद्याचा छडा लावला. कोलोसियममध्ये एका वेळी किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, त्यामुळे तिकिटं उघडताच संपतात. ती संपतात कशी, हे इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने तपासलं. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी पूर्वी तिकीटविक्री सांभाळणाऱ्या संस्थेला आणि सहा पर्यटन कंपन्यांना मिळून जवळपास 2 कोटी युरोंचा दंड केला. कंपन्या बॉट, म्हणजे आपोआप बुकिंग करणारे प्रोग्राम, वापरून साधी तिकिटं घाऊक उचलत होत्या आणि गाइड, पिकअप, रांग चुकवणं असली शेपटं लावून महाग विकत होत्या; विक्री सांभाळणाऱ्यांनी ते नीट रोखलं नाही. त्याआधी, ऑक्टोबर 2023 पासून, कोलोसियमच्या तिकिटावर नाव छापायला सुरुवात झाली होती आणि गेटवर ओळखपत्र मागता येतं. म्हणून पैसे देताना ज्या साइटने प्रत्येकाचं पासपोर्टवरचं नाव विचारलं नाही, तिथेच ओळखा. आम्हाला एकच नाव विचारलं होतं, तेही बिलासाठी.

आम्हाला फसवणाऱ्या साइटसारखे लोक याच्याही पुढे असतात. तीन महिने आधी पैसे गोळा करायचे, 30 दिवसांवर आलं की तिकिटं पकडायचा प्रयत्न करायचा, पकडली गेली तर ठीक, नाहीतर फोरम पास देऊन तोंडाला पानं पुसायची. फोरम पास सहज मिळतो, आणि अटींमध्ये 'तत्सम सेवा देण्याचा अधिकार राखून' हे कलम आधीच घालून ठेवलेलं असतं.

अधिकृत साइटचा पत्ता टिकेटिंग डॉट कोलोसेओ डॉट आयटी. कोलोसेओचं स्पेलिंग इटालियन आहे, एल एक, एस दोन आणि शेवटी ईओ. इंग्रजी स्पेलिंगचा पत्ता दिसला की संशय घ्या. व्हॅटिकन म्युझियमच्या खऱ्या साइटचा पत्ता डॉट व्हीएने संपतो, बाकी सगळे दलाल. पँथिऑन या प्राचीन मंदिराला जुलै 2023 मध्ये 5 युरो तिकीट सुरू झालं; अधिकृत भावापेक्षा जास्त मागणारा मधला माणूस आहे. सेंट पीटर्स बॅसिलिकेत साधा प्रवेश फुकट आहे, तरी चौकात गळ्यात पट्टा घालून तिकीट विकायला येतातच.

सगळे मध्यस्थ चोर असतात असं नाही. गाइड हवा असेल तर घ्या, पण 30 दिवसांची खिडकी उघडल्यावर घ्या, आणि तिकिटाचा नेमका प्रकार व प्रत्येकाचं नाव लेखी मागा. तिकीट हाती येताच मथळा वाचा, क्यूआर कोड बघून खूश होऊ नका.

पैशांचं काय झालं? कार्डाच्या बँकेकडे डिस्प्यूट टाकला. पहिल्यांदा कंपनीने अटींचं तेच कलम अधोरेखित करून पाठवलं आणि बँकेने तात्पुरते जमा केलेले पैसे परत वळते केले. मग 'सेवा मिळाली नाही' हे कारण सोडून 'सेवा वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाखाली पुन्हा तक्रार केली, सोबत 0,00 छापलेली मुलांची तिकिटं आणि अधिकृत साइटचं दरपत्रक जोडलं. मुलांचे 124 युरो आले. उरलेल्यांवर कंपनीने मेल पाठवला की तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू काढलात तर आणखी थोडे देऊ. रिव्ह्यू आहे तिथेच आहे.

आम्हाला तारलं ते नवऱ्याने खरेदीच्या दिवशी घेतलेल्या स्क्रीनशॉटने. तक्रार केल्यानंतर त्या पानावरचा 'ऑफिशियल' शब्द गायब झाला आणि 'कोलोसियम प्रवेश'च्या जागी 'कोलोसियम परिसर' आलं. तेव्हा पैसे भरण्याआधी पूर्ण पान, अटींसकट, तारीख दिसेल असं सेव्ह करून ठेवा. फक्त व्हाउचरचा मेल बँकेला पुरत नाही.