ट्रेलरच्या विंटरायझिंगमध्ये आमची झालेली फसवणूक: सिंकमधल्या गुलाबी रंगावर विसंबू नका

ऑक्टोबर लागला की मिनेसोटात ट्रेलरवाल्यांची, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं छोटं फिरतं घर असणाऱ्यांची, एकच धांदल उडते. रात्रीचा पारा ३२ फॅरनहाइटच्या खाली उतरायला लागतो, स्टेट पार्कांतले नळ बंद होऊ लागतात आणि ट्रेलरच्या पाइपांतलं पाणी काढून अँटीफ्रीझ, म्हणजे पाइप गोठून फुटू नयेत म्हणून वापरायचा गुलाबी द्रव, भरायचं काम डोक्यावर असतं. यालाच विंटरायझिंग म्हणतात. नेमक्या याच दिवसांत ‘तुमचा ट्रेलर उभा असेल तिथे येऊन विंटरायझिंग करून देऊ’ अशा जाहिराती दिसायला लागतात. अशाच एका माणसाने आमच्या तोंडाला पानं पुसली. यंदा ओळखीतल्या काही मराठी कुटुंबांनी पहिल्यांदाच ट्रेलर घेतला आहे. त्यांच्यावर ही पाळी येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

एरवी हे काम माझा नवराच करायचा. त्या वर्षी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, ट्रेलरखाली शिरून व्हॉल्व्ह उघडणं शक्यच नव्हतं. म्हणून फिरत्या टेक्निशियनला बोलावलं. बोलायला अदबशीर, वेळेवर फोन करणारा. ट्रेलर स्टोरेजमध्ये होता, तिथे जाऊन त्याने काम केलं आणि संध्याकाळी बिल पाठवलं. सगळ्या टाक्या रिकाम्या केल्या, वॉटर हीटर रिकामा करून बायपास केला (म्हणजे अँटीफ्रीझ त्याच्या टाकीत न शिरता पुढे जाईल असे व्हॉल्व्ह वळवले), पाइप हवेने फुंकले, सहा गॅलन अँटीफ्रीझ भरलं, असं त्यात ओळीने लिहिलेलं. सोबत फोटो: किचनचं सिंक, बाथरूमचं सिंक, शॉवरची जाळी, टॉयलेटचं भांडं. सगळीकडे छान गुलाबी पाणी. पैसे त्याने फोनवरून थेट बँकेत पाठवायला सांगितले, आम्ही पाठवले.

फोटो खरे होते. न केलेलं काम फोटोत कुठे दिसतं?

मे महिन्यात ट्रेलर घरी आणला, होज जोडला आणि पाणी सोडलं. काही क्षणांत वॉटर हीटरच्या बाहेरच्या दारातून धार लागली. आत टॉयलेटच्या मागून चिळकांडी उडाली आणि पंपाचं कपाट पाण्याने भरायला लागलं. धावत जाऊन नळ बंद केला, तोवर कपाटाखालची लाकडी फळी भिजून फुगली होती. मुलगी टॉवेल आणून आणून देत होती आणि पाणी नेमकं कुठून येतंय तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या, अनुभवी टेक्निशियनला बोलावलं. त्याने आधी काही दुरुस्त केलं नाही. शांतपणे एकेक जागा दाखवत गेला, आणि आम्हाला पटत गेलं की इथे हिवाळ्यापूर्वी कुणी हातच लावलेला नव्हता. आमच्या हीटरला बाहेरच्या बाजूने अॅनोड रॉड असतो, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून प्लगलाच जोडलेली धातूची कांडी. तो सॉकेटने काढल्याशिवाय टाकीतलं सहा गॅलन पाणी पूर्ण निघत नाही. त्या प्लगच्या कडेने साचलेला क्षाराचा पांढरा थर जसाच्या तसा होता, कुठे टवकासुद्धा उडालेला नव्हता. प्लग काढला तेव्हा आत गुलाबी थेंबही निघाला नाही, आणि टाकी सांध्यावर उकललेली होती. मागचे बायपासचे व्हॉल्व्ह उन्हाळ्यात असतात तसेच होते, म्हणजे अँटीफ्रीझ पंपाने भरलं असतं तर ते या टाकीत आलंच असतं. पंपाच्या तोंडाशी गाळणीची पारदर्शक वाटी असते, ती तडकलेली. अँटीफ्रीझ पंपातून गेलं असतं तर त्या वाटीत रंग राहिला असता. शेवटी त्याने ग्रे टँकचा, म्हणजे सिंक आणि शॉवरचं सांडपाणी जमतं त्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडला. नळांतून खरंच गॅलनभर गॅलन अँटीफ्रीझ सोडलं असतं तर ते तिथे जमलं असतं. निघालं जेमतेम तांब्याभर.

ही फसवणूक इतकी सोपी का, ते नीट समजून घ्या. सिंकखाली वाकडा पी-ट्रॅप असतो, त्यात नेहमीच पाणी साचून राहतं. वरून कपभर गुलाबी द्रव ओतला की जाळीतून तो दिसतो. पण तो सांडपाण्याचा मार्ग. नळापर्यंत पाणी आणणाऱ्या पाइपांशी त्याचा काही संबंध नाही. टॉयलेटच्या भांड्यातही वरून ओतता येतं. म्हणजे एका गॅलनच्या कॅनमध्ये सगळे फोटो निघतात. पाइपांत मात्र पाणी तसंच राहतं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. पेक्स पाइप (लवचीक प्लॅस्टिकचा) थोडाफार ताण सोसतो, पण प्लॅस्टिकचे एल्बो (वळणावरचे जोड), पंपाचं डोकं, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, नळाच्या आतले भाग सोसत नाहीत. आणि हे सगळं उघडकीला येतं सहा महिन्यांनी, तोवर पैसे घेणारा कधीच पुढे निघून गेलेला असतो. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे: काम किती वेळाने तपासलं जाणार, हे तो माणूस पक्कं जाणून होता.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, तुम्हीच मध्ये कधीतरी पाणी सोडलं असेल. जानेवारीत, उणे २० फॅरनहाइटमध्ये, बर्फात रुतलेल्या ट्रेलरमध्ये! मग फोन उचलणंच बंद. विमा कंपनीने सांगितलं, गोठून झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. वॉरंटीतही तेच. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, परत आणता येणार नाहीत. मग आम्ही बिल, त्याचे फोटो आणि दुसऱ्या टेक्निशियनचा लेखी अहवाल जोडून कन्सिलिएशन कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या कोर्टात, दावा लावला. तिथे वकील लागत नाही, न्यायाधीशासमोर आपणच बोलायचं असतं. निकाल आमच्या बाजूने लागला. रक्कम वसूल करणं हे वेगळंच प्रकरण आहे, ते अजून चालू आहे. दावा टिकला तो बिलावर प्रत्येक काम वेगळं लिहिलेलं होतं म्हणून. नुसतं ‘विंटरायझेशन’ एवढा एकच शब्द असलेलं बिल कुणाकडूनही घेऊ नका.

काम करून घेताना तिथे उभे राहा. हीटर आधी बंद करून थंड झालेला असावा, प्रेशर रिलीज केलेलं असावं, आणि मग प्लग निघाल्यावर पाण्याचा लोंढा तुमच्या डोळ्यांसमोर बाहेर पडला पाहिजे. रॉड असेल तर हातात घेऊन बघा. काही हीटरच्या टाक्या अॅल्युमिनियमच्या असतात, त्यांना रॉड नसतो, साधा प्लॅस्टिकचा प्लग असतो. पण तोही निघायलाच हवा. बायपास वळवलेला बघा, कारण तो न वळवता पंप चालू केला तर पहिलं सहा गॅलन अँटीफ्रीझ हीटरच गिळून बसतो. बायपास केलेल्या साध्या ट्रेलरला दोन-तीन गॅलन पुरतात, सहा गॅलनचं बिल दिसलं की तिथेच विचारा. मग प्रत्येक नळ, गरम आणि गार वेगवेगळा, तुमच्यासमोर उघडून तोंडातून गुलाबी धार येईपर्यंत चालू ठेवायला लावा. टॉयलेटचं पेडल तुम्ही स्वतः दाबा. भांड्याच्या कडेखालून गुलाबी पाणी फिरलं तरच काम झालं. बाहेरचा शॉवर हटकून विसरला जातो, आणि होज जोडायच्या तोंडातला चेक व्हॉल्व्हही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप).

अँटीफ्रीझच्या बाटलीवर उणे ५० (फॅरनहाइट) लिहिलेलं असतं, त्यानेही गोंधळ होतो. तेवढ्या थंडीपर्यंत पाइप फुटू नये, एवढाच त्याचा अर्थ. द्रव त्याच्या कितीतरी आधीच बर्फाच्या चुऱ्यासारखा होतो, आणि पाइपांत पाणी उरलं असेल तर पातळ होऊन त्याचा जोर आणखी कमी होतो. म्हणून आधी पाणी काढणं महत्त्वाचं. आणि कुणी स्वस्तात गाडीच्या रेडिएटरचं अँटीफ्रीझ भरू म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे, आणि याच नळांतून आपली मुलं पाणी पितात. ट्रेलरसाठीच्या गुलाबी अँटीफ्रीझमध्ये बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं.

पैसे क्रेडिट कार्डने द्या, म्हणजे निदान तक्रार करायला जागा राहते. रोख किंवा थेट बँकेतूनच हवेत असा कुणी हट्ट धरला तर दुसरा माणूस शोधा, चार डॉलर जास्त गेले तरी चालतील.

नवऱ्याचा खांदा आता बरा आहे, यंदा आमचं काम आम्ही घरीच करणार आहोत. पंपाला जोडून थेट कॅनमधून अँटीफ्रीझ ओढणारी नळी आणि अॅनोड रॉडचं सॉकेट आमच्याकडे आहे. ट्विन सिटीजमध्ये (मिनियापोलिस-सेंट पॉल) कुणाला हवं असेल तर थंडी पडायच्या आत सांगा, शनिवारी-रविवारी येऊन सोबत करून दाखवू.